भारतीय पाकोळी : ओळख, जीवनक्रम आणि राखण

न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या भागातील मिठागरे, खाजणे व शेतजमिनी यांचे रूप पालटले. तथापि उरण व पनवेल तालुक्यांत भाताची खाचरे अद्याप शिल्लक आहेत, आणि ती कसणारे शेतकरीही आहेत. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की सायंकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून वर निघतात. त्याच वेळी खाचरांवर, तळ्यांवर व खाडीच्या काठावर काळसर रंगाचे लहान पक्षी कोयत्यासारखे वाकडे पंख पसरून सपासप फेऱ्या मारताना दिसतात. हे पक्षी कोठे बसत नाहीत, दाणा टिपत नाहीत, पिकास चोच लावीत नाहीत. त्यांना पाकोळी म्हणतात.

या पाकोळीच्या कुळात एक पक्षी असा आहे की, तो आपले घरटे मुख्यतः स्वतःच्या लाळेने बांधतो आणि काळोख्या गुहेत आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. हा पक्षी म्हणजे भारतीय पाकोळी. महाराष्ट्रातील तिची प्रसिद्ध वसाहत सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवर आहे. तिच्या घरट्यास परदेशी बाजारात किंमत येते, आणि त्याच कारणाने तिच्यावर संकट ओढवले आहे. या पाकोळीचा जीवनक्रम समजून घ्यावा, तिच्या घरट्यांचा व्यापार घातक का ठरतो ते पाहावे, आणि आपल्या गावातील तिच्या भावंडांशी आपण कसे वागावे याचा विचार करावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

पाकोळी व भिंगरी यांतील भेद

पुष्कळ लोक पाकोळी आणि भिंगरी यांस एकच समजतात. काही भागांत तर लहान वटवाघळासही पाकोळी म्हणण्याची रीत आहे. हा घोटाळा आरंभीच दूर केला पाहिजे.

भिंगरी तारेवर रांगेने बसते. पाकोळी तारेवर किंवा फांदीवर कधीही बसत नाही. तिचे पाय अत्यंत आखूड असून बोटांना आकड्यासारख्या तीक्ष्ण नख्या असतात. त्यांच्या साहाय्याने ती उभ्या भिंतीस, कड्यास किंवा झावळीस चिकटून राहू शकते. परंतु जमिनीवर चालणे किंवा फांदी पकडून बसणे तिला साधत नाही. भिंगरी चिखलाच्या गोळ्या आणून घरटे लिंपते. पाकोळी लाळेचा उपयोग करते. भिंगरीचे उड्डाण हेलकावे घेत जाणारे असते. पाकोळीचे पंख लांब, अरुंद व ताठ असून तिचे उड्डाण वेगवान असते. शास्त्रीय दृष्टीने पाहता भिंगरी ही चिमणीच्या मोठ्या गणातील आहे, तर पाकोळीचे जवळचे नाते अमेरिका खंडातील गुंजन पक्ष्यांशी आहे. दोघींचे बाह्यरूप सारखे दिसते, कारण दोघींचा धंदा एकच, तो म्हणजे हवेत उडणारे कीटक उडता उडता पकडणे.

आपल्या गावातील पाकोळ्या

न्हावा-शेवा परिसरात नित्य दिसणाऱ्या पाकोळ्या दोन जातींच्या आहेत. पहिली घरपाकोळी. हिचा रंग काळा असून कंबरेवर ठळक पांढरा पट्टा व गळ्यावर पांढरा डाग असतो. जुनी देवळे, वाडे, पुलांच्या कमानी व उंच इमारतींचे सज्जे येथे तिची घरटी एकमेकांस चिकटून झुबक्याने असतात. वाऱ्यावर तरंगणारी पिसे, कापूस, गवताच्या काड्या ती उडता उडता पकडते आणि लाळेने चिकटवून घरटे तयार करते.

दुसरी ताडपाकोळी. ही अंगाने सडपातळ व राखी-तपकिरी रंगाची असून तिची शेपटी खोल दुभागलेली असते. ती ताडाच्या झाडावाचून राहत नाही असे म्हटले तरी चालेल. लोंबणाऱ्या झावळीच्या आतल्या बाजूस पिसांची व कापसाची चिमुकली वाटी ती लाळेने चिकटवते आणि त्यातच अंडी घालते. वाऱ्याने झावळी हेलकावली तरी हे घरटे सुटत नाही.

या दोन्ही पाकोळ्या लाळेचा उपयोग केवळ डिंकासारखा करतात. भारतीय पाकोळीने मात्र लाळेलाच बांधकामाचे मुख्य साहित्य बनविले आहे.

भारतीय पाकोळीची ओळख

भारतीय पाकोळी सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते. वजन एका तोळ्याच्या आसपास भरते. पाठीकडून ती गर्द तपकिरी व पोटाकडून फिकट राखी-तपकिरी दिसते. कंबरेवर पांढरा पट्टा नसतो, आणि घरपाकोळीपासून तिला ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. शेपटीस किंचित खाच असते. नर व मादी दिसण्यात सारखीच असतात.

मद्रासच्या सैन्यातील वैद्य व पक्षिशास्त्रज्ञ टॉमस जर्डन यांनी १८४० साली निलगिरीतील कुन्नूर घाटातून या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. जगात ही जाती फक्त दोन ठिकाणी आढळते : भारताच्या नैर्ऋत्य भागातील सह्याद्री व त्यालगतचा किनारा, आणि श्रीलंका. म्हणजे ज्या पक्ष्याचे सारे घर आपल्या दाराशी आहे, त्याची राखण करण्यास दुसरा कोणी येणार नाही.

वेंगुर्ला बंदराच्या वायव्येस भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्यास वेंगुर्ला खडक म्हणतात. तेथे दीपगृहही आहे. या खडकांना समुद्राच्या लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत, आणि त्यांतील एका काळोख्या गुहेत भारतीय पाकोळ्या हजारोंच्या संख्येने वस्ती करतात. अॅलन ह्यूम यांचे नाव राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित आहे. हिंदुस्थान सरकारच्या महसूल व शेती खात्याचे ते सचिव होते आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञही होते. १८७५ साली त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील बेटांची जी सागरी पाहणी केली, तीत या खडकांचा समावेश होता. पुढे १९४२ साली हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्यांविषयी व सुरय पक्ष्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. तेव्हा ही वसाहत नवी नाही. निदान दीडशे वर्षे तिची नोंद आहे.

खडकांवर अन्न थोडे. म्हणून या पाकोळ्या पहाटे गुहेबाहेर पडतात, किनाऱ्याकडे येतात, दिवसभर शेते, बागा व जंगले यांवरील हवेत कीटक पकडतात आणि सायंकाळी परत फिरतात. निवास समुद्रात व अन्न जमिनीवर, अशी त्यांच्या जीवनाची विभागणी आहे.

अंधारातील वाट

गुहेच्या आतल्या भागात प्रकाश मुळीच पोहोचत नाही. तेथे हजारो पक्षी एकमेकांवर न आदळता आपापल्या जागी कसे पोहोचतात, हा प्रश्न दीर्घकाळ कोड्यासारखा होता. १९५९ साली अल्विन नोव्हिक या शास्त्रज्ञाने याच जातीच्या श्रीलंकेतील पाकोळ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अंधारात उडताना हा पक्षी टिक-टिक असे तुटक आवाज झपाट्याने काढतो. ते आवाज भिंतीवर आपटून परत येतात, आणि त्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे याचा अंदाज तो घेतो. उजेडात आल्यावर हे आवाज थांबतात.

वटवाघूळही याच तत्त्वाने उडते. परंतु त्याचा आवाज बहुधा इतका उच्च स्वराचा असतो की मनुष्याच्या कानास तो ऐकू येत नाही. पाकोळीचा आवाज आपणांस स्पष्ट ऐकू येतो. दुसरा भेद असा की, वटवाघूळ प्रतिध्वनीवरून भक्ष्यही शोधते. पाकोळीस तेवढा सूक्ष्म बोध होत नाही. ती वाट आवाजाने शोधते व भक्ष्य डोळ्यांनी. म्हणून तिची शिकार दिवसाउजेडी चालते. दिवसा पाकोळी व रात्री वटवाघूळ अशी हवेतील कीटकांवर दोन पाळ्यांची राखण निसर्गाने ठेवली आहे.

काळोखात राहण्याचा लाभ उघड आहे. घार, ससाणा, कावळा, साप असे शत्रू गुहेच्या खोल भागात सहसा पोहोचत नाहीत. मात्र शिडी व दिवा घेऊन येणाऱ्या मनुष्यापुढे हे संरक्षण कोलमडते.

लाळेचे घरटे

विणीचा हंगाम जवळ आला की पाकोळीच्या जिभेखालील लाळग्रंथी फुगून मोठ्या होतात. त्यांतून घट्ट, चिकट लाळ स्रवते. पक्षी खडकास चिकटून डोके एका बाजूकडून दुसरीकडे फिरवीत लाळेची तार ओढतो. हवा लागताच ती सुकून कठीण होते. तारेवर तार अशी चढत जाऊन अर्ध्या बशीच्या आकाराचे घरटे तयार होते. भारतीय पाकोळी या लाळेत पिसे, शेवाळ व गवताच्या काड्या मिसळते. अंदमान व आग्नेय आशियातील एक जात घरट्यासाठी जवळजवळ शुद्ध लाळच वापरते. तिचे घरटे पांढरे व अर्धपारदर्शक असते आणि तेच बाजारात सर्वांत महाग विकले जाते.

ही लाळ म्हणजे मुख्यतः प्रथिन व शर्करा यांचा संयुक्त पदार्थ होय. ती पक्ष्याच्या शरीरातूनच तयार होते. ज्याप्रमाणे गाभण गाईस वासराकरिता अंगचे पोषण खर्चावे लागते, त्याप्रमाणे पाकोळीस घरट्याकरिता आपल्या अन्नाचा मोठा अंश खर्चावा लागतो. घरटे हिरावले गेले तर ती पुन्हा बांधावयास घेते. परंतु दुसऱ्या घरट्यात लाळ कमी व काडीकचरा अधिक असतो. तिसऱ्या वेळी शरीर थकते.

वर्षाचा हिशेब

भारतीय पाकोळीचा विणीचा हंगाम आपल्या किनाऱ्यावर साधारणतः मार्च ते जून असा असतो. मादी दोन पांढरी अंडी घालते. जवळच्या जातींच्या अभ्यासावरून असे दिसते की, घरटे बांधण्यास सुमारे एक महिना किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अंडी उबण्यास तीन आठवड्यांहून थोडे अधिक. आणि पिले उडण्यायोग्य होण्यास सुमारे दीड महिना. शेतकऱ्यास हिशेब सांगावयास नको. एकूण तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि हंगाम चारच महिन्यांचा आहे.

समजा, मार्चमध्ये बांधलेले घरटे एप्रिलमध्ये कोणी काढून नेले. पाकोळीने लगेच दुसरे बांधले तरी ते मेअखेर पुरे होईल. अंडी जूनमध्ये, आणि पिले पंख फुटण्याच्या वेळी आषाढाच्या वादळी पावसात सापडतील. भर समुद्रातील त्या खडकावर तेव्हा लाटा फुटत असतात आणि पावसात हवेतील कीटकही कमी असतात. आवण एकदा वाहून गेले तर शेतकरी दुसऱ्यांदा पेरणी करून वेळ मारून नेतो. दोनदा वाहून गेले तर ते वर्ष बुडते. पाकोळीचे वर्ष एका चोरीतच बुडू शकते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोंबडी वर्षास शेकड्यांनी अंडी देते, म्हणून तिची अंडी घेतली तरी वंश चालतो. पाकोळीची जोडी एका विणीस दोनच अंडी घालते. ओळीने चार-पाच वर्षे पिले उडाली नाहीत, तर जुने पक्षी मरत जातात व त्यांची जागा घेण्यास नवे उरत नाहीत. बाहेरून वसाहत काही काळ भरलेली दिसते, आणि मग ती एकाएकी रिकामी होते.

घरट्यांचा व्यापार

चीनमध्ये पाकोळीच्या घरट्याचे सार करून पिण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. ते शक्तिवर्धक असल्याची समजूत आहे. हाँगकाँग व चीन येथील बाजारांत या घरट्यांस मोठी किंमत मिळते. एक पांढरे घरटे काही ग्रॅमच भरते. एका किलोस शंभराहून अधिक घरटी लागतात. म्हणजे विकलेल्या प्रत्येक किलोमागे शंभराहून अधिक जोड्यांचा संसार मोडलेला असू शकतो. घरट्यात प्रथिने आहेत हे खरे. पण प्रथिने आपल्या तुरीच्या डाळीतही आहेत, आणि ती खाण्यासाठी कोणाचे घर मोडावे लागत नाही.

भारतीय पाकोळीचे घरटे पिसे व शेवाळ मिसळलेले असल्याने कमी प्रतीचे गणले जाते. तरीही ते चोरीस जाते. बांबूच्या शिड्या व परांचे लावून भिंतीवरील घरटी खरवडली जातात. अंडी किंवा पिले आत असल्यास ती खाली पाण्यात अथवा खडकावर पडतात. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेंगुर्ला खडकांवरील या चोरीकडे लक्ष वेधले व वनखात्याच्या सहकार्याने वसाहतीच्या राखणीचे काम हाती घेतले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येप्रमाणे वन्य पक्ष्याची अंडी नासणे किंवा त्याच्या घरट्यास उपद्रव देणे ही शिकारच होय. चोरी थोडी असो वा फार, गुन्हा तोच.

अंदमानचा धडा

ही चोरी अशीच चालू राहिली तर काय घडते, याचे उत्तर अंदमान-निकोबार बेटांनी दिले आहे. तेथे पांढरे घरटे बांधणारी पाकोळी राहते. कोइमतूर येथील सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे रवी शंकरन यांनी १९९० नंतरच्या दशकात त्या बेटांवरील गुहांमागून गुहा तपासल्या. दहा वर्षांत या पक्ष्याची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली असावी, असा त्यांचा अंदाज होता. पिले उडण्यापूर्वीच, आणि एकाच हंगामात पुनःपुन्हा घरटी काढली जात, हे त्याचे कारण होते.

शंकरन यांनी यावर जो उपाय सुचविला तो शेतकऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. जे लोक घरटी काढीत होते त्यांच्याइतका गुहांचा माहीतगार दुसरा कोणी नव्हता. तेव्हा १९९९ पासून अंदमानच्या वनखात्याच्या सहकार्याने त्याच लोकांना राखणदार नेमण्यात आले. उत्तर अंदमानातील चालीस-एक येथील गुहांसमोर विणीच्या हंगामात अहोरात्र पहारा बसला. पिले निर्वेध उडू लागली आणि राखलेल्या गुहांतील पक्षी वाढू लागले. शंकरन २००९ च्या जानेवारीत निवर्तले. परंतु त्यांनी घालून दिलेली वाट कायम राहिली. काल ज्याने घरटे काढले तोच आज ते राखतो, कारण गुहा भरलेली राहण्यातच आपले हित आहे हे त्यास पटले आहे. आंब्याची फळे उतरविण्याऐवजी कोणी झाडच तोडले तर आपण त्यास मूर्ख म्हणतो. पिले उडण्यापूर्वी घरटे काढणे हे त्याच जातीचे कृत्य आहे.

घरटी-पालनाचा मोह

अलीकडे जोडधंद्यांच्या चर्चेत पाकोळी-पालनाचेही नाव कानी येते. त्याविषयी खरी माहिती असणे आवश्यक आहे.

जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ओस घरांत पाकोळ्यांनी आपण होऊन वस्ती केली. त्यावरून इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम या देशांत खास इमारती बांधण्याचा धंदा वाढला. इमारतीस लहान झरोके ठेवतात, आत काळोख व दमटपणा राखतात आणि पाकोळ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांस बोलावतात. पक्षी बाहेर स्वतंत्रपणे चरतात आणि रात्री इमारतीत येतात. पिंजऱ्यात कोंडून हा पक्षी पाळता येत नाही, कारण त्याचे अन्न उडते कीटकच आहेत.

हा धंदा पांढरे घरटे बांधणाऱ्या जातीवर चालतो. ती जाती कोकणात नाही. येथील भारतीय पाकोळी वेगळी असून तिचे घरटे मिश्र असते, आणि कायद्याने तिला संरक्षण आहे. आपल्या गावातील घरपाकोळीच्या पिसा-काड्यांच्या घरट्यास तर कोणीही गिऱ्हाईक नाही. सबब, पाकोळी-पालनाकरिता इमारत बांधा, पक्षी किंवा यंत्र आम्ही पुरवू, असे कोणी सांगू लागल्यास त्याच्या बोलण्यास भुलू नये व त्यासाठी कर्ज काढू नये. कोणताही जोडधंदा आरंभण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, आणि वन्य प्राण्यांचा संबंध असेल तेथे वनखात्यास विचारावे.

शेतीशी संबंध

मग या पक्ष्यापासून शेतकऱ्यास लाभ कोणता? लाभ हवेत आहे. पाकोळ्यांच्या आहारात पंखवाल्या मुंग्या व वाळवी, माश्या, डास, लहान भुंगे आणि तुडतुड्यांच्या वर्गातील उडते कीटक असतात. भातावरील तपकिरी तुडतुडे एका शेतातून दुसऱ्या शेतात उडून जातात, तेव्हा ते हवेत असतात. आणि हवेतील कीटक हेच पाकोळीचे भक्ष्य आहे.

येथे अतिशयोक्ती करू नये. चुडात शिरलेली खोडकिड्याची अळी पाकोळीस मिळणार नाही. बुंध्याशी बसून रस शोषणारे तुडतुडे तिच्या आवाक्याबाहेर आहेत. ती उपकारक कीटकही खाते. तिला मित्र व शत्रू यांचा विवेक नाही. केवळ पाकोळीवर विसंबून पीक वाचणार नाही. परंतु बेडूक, कोळी, चतुर, वटवाघळे व पक्षी यांची मिळून कीटकांवर जी नित्याची वचक असते, तिचा ती एक भाग आहे. ही वचक सुटली की कीटकनाशकांचा खर्च वाढतो. अंदाधुंद फवारणीने मित्रकीटक मरतात, हवेतील अन्न घटते, पाकोळ्या दूर जातात आणि पुढील वर्षी अधिक फवारणी करावी लागते. हे चक्र आपणच सुरू करतो, व ते आपणच थांबवू शकतो.

काही शेतकरी गुहेतील विष्ठेच्या खताविषयी विचारतात. पाकोळ्या व वटवाघळे यांच्या विष्ठेत नत्र व स्फुरद असतात हे खरे. परंतु तिच्यावर गुहेतील अनेक लहान जीव जगतात, आणि ती काढण्यासाठी विणीच्या काळात गुहेत शिरल्यास पक्षी बिथरतात. शेतास लागणारे खत गोठ्यातील शेण, गांडूळखत व हिरवळीचे खत यांतून मिळवावे. गुहेस हात लावू नये.

शेतकरी बंधूंनी काय करावे

१. घराच्या वळचणीस, देवळात किंवा पुलाखाली घरपाकोळीची घरटी असतील तर ती पाडू नयेत. ही पाकोळी साधारणतः फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात वीण करते. विष्ठेचा त्रास होत असल्यास घरट्यांच्या खाली एक फळी ठोकावी. डागडुजी किंवा रंगकाम पिले उडून गेल्यावर करावे.

२. ताडाच्या जुन्या झावळ्या छाटण्यापूर्वी आतल्या बाजूस घरटी आहेत काय ते पाहावे. असल्यास तेवढ्या झावळ्या पिले उडेपर्यंत राखाव्या. बांधावरील ताड विनाकारण तोडू नयेत.

३. भातावर फवारणी करण्यापूर्वी चुडे तपासावे. कृषी विभागाने सांगितलेल्या पातळीपेक्षा कीड अधिक असल्यासच, सांगितलेल्या मात्रेत औषध वापरावे. नत्रखताचा अतिरेक टाळावा, कारण त्याने तुडतुडे वाढतात.

४. पाकोळी जमिनीवर पडलेली आढळल्यास ती जखमी आहेच असे समजू नये. सपाट जमिनीवरून तिला उडता येणे कठीण असते. ओंजळीत हलकेच घेऊन उंच, मोकळ्या जागी तळहात उघडा धरावा. ती धडधाकट असल्यास आपण होऊन झेप घेईल. तिला वर फेकू नये.

५. समुद्रातील खडकांवर किंवा गुहांत शिड्या व बांबू घेऊन जाणारे लोक, अथवा पाकोळीच्या घरट्यांची खरेदी-विक्री कोठे आढळल्यास वनखात्यास कळवावे. महाराष्ट्र वनखात्याचा साहाय्य क्रमांक १९२६ आहे. बंदरात, गोदामात व मालवाहतुकीत काम करणाऱ्या शेतकरी-पुत्रांनी हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे. चोरीचा माल शेवटी कोणत्या ना कोणत्या वाटेने परदेशी जात असतो.

६. वेंगुर्ला व मालवण भागातील मच्छीमार बांधवांनी विणीच्या हंगामात हौशी प्रवाशांस पाकोळीच्या गुहेत नेऊ नये. दिवे व आरडाओरडा यांनी पक्षी घाबरून उठतात आणि अंडी व पिले खाली पडण्याचा संभव असतो.

शाळेतील मुलांसाठी निरीक्षणपाठ

जून महिन्यात सूर्यास्तापूर्वी अर्धा तास शाळेच्या किंवा खाचराच्या मोकळ्या जागेत उभे राहावे. आकाशात फिरणाऱ्या पक्ष्यांकडे पाहून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावी. पक्षी तारेवर बसतो काय? कंबरेवर पांढरा पट्टा आहे काय? शेपटी सरळ आहे की दुभागलेली? तो कोठे शिरतो : वळचणीत, पुलाखाली की ताडावर? घरटी किती आहेत? हीच नोंद दरवर्षी त्याच दिवशी केल्यास आपल्या गावातील पाकोळ्या वाढतात की घटतात हे चार-पाच वर्षांत समजेल. ही वही ग्रामपंचायतीच्या वाचनालयात जपून ठेवावी.

उपसंहार

भारतीय पाकोळीचे घरटे हे पीक नव्हे. ते पेरावे लागत नाही, म्हणून ते फुकटचे वाटते; परंतु त्याची किंमत पक्षी आपल्या अंगातून देतो, आणि ते अकाली काढले तर पुढील पिढीच नाहीशी होते. वेंगुर्ल्याच्या खडकांतील त्या काळोख्या गुहेतून रोज पहाटे हजारो पाकोळ्या किनाऱ्याकडे येतात आणि कोणाकडून मजुरी न घेता हवा निवळीत दिवसभर राबतात. न्हावा-शेव्याच्या खाचरांवर तेच काम घरपाकोळी व ताडपाकोळी करतात. त्यांच्या घरट्यास हात न लावणे, एवढीच त्यांची मजुरी आहे. ती देणे प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यात आहे.